नागपूरहून पुरीला पहिल्यांदा जाताना

नागपुरात समुद्र बघायचा बेत ठरला की सगळे पश्चिमेकडेच बघतात. अलिबाग, गणपतीपुळे, मालवण, नाहीतर सरळ गोवा. पण नागपूर स्टेशनावर गाडीत बसलं की थेट बंगालच्या उपसागराकाठी उतरता येतं, आणि ज्या गावात उतरतो तो मुलूख पन्नासेक वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता, हे नागपूरच्या महाल भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनाही बरेचदा माहीत नसतं. पुरीला आपल्याकडचे लोक जातात, पण बहुतेक जण यात्रा कंपनीच्या बसने. सकाळी दर्शन, दुपारी समुद्रात पाय बुडवणं आणि संध्याकाळी पुढचा मुक्काम. माझं स्पष्ट मत आहे की पुरीला चार दिवस द्यावेत, आणि स्वतःच्या हिशोबाने द्यावेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, विशेषतः ज्यांच्या घरात कुणी अजून समुद्र पाहिलेला नाही त्यांच्यासाठी, हे लिहितो आहे.

कधी जायचं

दिवाळीनंतर हवा निवळली की फेब्रुवारीअखेरपर्यंत. सकाळी अंगावर पातळ शाल, दुपारी लख्ख ऊन, संध्याकाळी वारा. मे महिन्यात तिथला पारा नागपूरच्या कितीतरी खाली असतो, म्हणून काही जण उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन निघतात. तिथला उकाडा मात्र वेगळा. आपल्याकडे कूलरसमोर बसलं की घाम वाळतो, तिथे हवाच इतकी दमट की घाम वाळायचं नाव घेत नाही. उन्हाळ्यात जायचंच असेल तर एसी खोली घ्या आणि सकाळी दहा ते दुपारी चार बाहेर पडू नका.

या किनाऱ्याला चक्रीवादळांचं भय आहे, विशेषतः मे महिन्यात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात. 29 ऑक्टोबर 1999 चं महाचक्रीवादळ ओडिशात आजही कुणी विसरलेलं नाही. 3 मे 2019 रोजी ‘फणी’ तर थेट पुरीजवळच किनाऱ्यावर आदळलं. त्या महिन्यांत निघताना हवामान खात्याचा अंदाज आठवडाभर आधीपासून बघत राहा. इशारा आला तर तिकीट रद्द करा, पैशांकडे बघू नका.

दुर्गापूजा आणि नाताळचा आठवडा टाळा, कारण तेव्हा बंगालमधून मोठी गर्दी येते आणि खोल्यांचे दर कुठल्या कुठे जातात. ज्येष्ठ पौर्णिमेला जगन्नाथ मंदिरातल्या देवांचं जाहीर स्नान होतं आणि त्यानंतर साधारण पंधरवडाभर देव ‘आजारी’ असतात. त्या काळात मुख्य दर्शन बंद असतं. हे माहीत नसल्याने हिरमुसून परतणारे लोक दरवर्षी दिसतात. त्यानंतर आषाढ शुद्ध द्वितीयेला रथयात्रा. आयुष्यात एकदा बघावी अशीच ती आहे, पण पहिल्याच खेपेला लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे आईवडील सोबत असतील तर नको. आषाढी एकादशीला, म्हणजे आपल्याकडे पंढरपुरात पाय ठेवायला जागा नसते त्याच दिवशी, पुरीत मंदिराच्या सिंहद्वारासमोर उभ्या असलेल्या रथांवर देवांना सोन्याचे दागिने घालतात. त्याला ‘सुना बेश’ म्हणतात. धडधाकट असाल आणि गर्दीची सवय असेल तर तो दिवस धरून जा.

तिकीट आणि प्रवास

आधी गाडी ठरवा, मग हॉटेल. अहमदाबादहून आणि शिर्डीहून पुरीला जाणाऱ्या गाड्या नागपूरला थांबतात. त्यांचे वार ठरलेले आहेत, म्हणून सुट्टीचा अर्ज टाकण्याआधी वेळापत्रक बघून घ्या. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं आणि हिवाळ्यात बर्थ लवकर भरतात. प्रवासाला जवळजवळ एक दिवस-रात्र धरून चाला.

जेवण घरून बांधून घ्या. गोंदिया, डोंगरगड (बम्लेश्वरीची टेकडी खिडकीतूनच दिसते), रायपूर, मग टिटलागडकडून ओडिशात. काही गाड्या संबलपूरवरून जातात, काही विजयनगरमवरून खाली उतरून. पर्याय असेल तर दुसऱ्या मार्गाची गाडी घ्या. ब्रह्मपूर सोडल्यावर चिल्का सरोवराचं पाणी रुळांच्या अगदी जवळ येतं. उजेड असेल तर त्या बाजूची खिडकी सोडू नका. पुरी हे शेवटचं स्टेशन, त्यामुळे सामान काढायची घाई नाही. विमानाने येणाऱ्यांसाठी जवळचा विमानतळ भुवनेश्वरचा. तिथून पुरी सुमारे 60 किलोमीटर.

राहण्यासाठी मला चक्रतीर्थ रोडचा भाग आवडतो. समुद्र समोर आणि बाजाराचा गोंगाट बराच कमी. स्वर्गद्वाराजवळ हॉटेलं भरपूर आणि स्वस्त आहेत, खाण्यापिण्याची सोय दाराशी, पण तिथेच किनाऱ्यालगत स्मशान आहे आणि चिता दिवसरात्र जळत असतात. हिंदू माणसाला तिथे अग्नी मिळणं पुण्याचं मानतात. घरच्यांना त्याची कल्पना आधी द्या, म्हणजे पहिल्याच संध्याकाळी कुणी दचकणार नाही. खोली घेताना चेक-आउटची वेळ जरूर विचारा. इथे सकाळी फार लवकर खोली सोडायला लावणारी हॉटेलं आहेत.

समुद्र

पहिल्या दिवशी पाण्यात शिरू नका, नुसता बघा. हे मी विशेषतः आपल्या लोकांना सांगतो, कारण अंबाझरीच्या किंवा फुटाळ्याच्या काठावर वाढलेल्या माणसाच्या मनात पाणी म्हणजे थांबलेलं पाणी असतं. पुरीचा समुद्र कोकणातल्या खाडीकाठच्या किनाऱ्यांसारखा सौम्य नाही. वाळूचा उतार तीव्र आहे, लाट अगदी काठाजवळ येऊन फुटते, आणि परत जाणारं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं. घोट्याएवढ्या पाण्यात उभा असलेला मोठा माणूसही पुढच्या लाटेत पाठीवर पडतो.

अर्धा तास काठावर बसून लाटा बघितल्या की एक गोष्ट लक्षात येते. सगळीकडे पांढरा फेस फुटत असताना मध्येच एक पट्टा शांत दिसतो, तिथे लाटा फुटत नाहीत, पाणी जरा गढूळ किंवा काळपट असतं. नवख्याला वाटतं, हीच जागा बरी. तीच सगळ्यात धोक्याची. काठावर चढलेलं पाणी तिथूनच आत परत जात असतं आणि माणसालाही घेऊन जातं. त्यात सापडलात तर काठाकडे तोंड करून झुंजू नका, दोन मिनिटांत दम संपतो. अंग पाण्यावर राहू द्या, हात वर करून मदत मागा, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत त्या पट्ट्यातून बाहेर या. मग लाटाच काठाकडे आणतात. मुलांना हे घरीच समजावून सांगा, काठावर गेल्यावर कुणी ऐकत नाही.

पाण्यात जाताना नोलियाच्या नजरेसमोर जा. नोलिया म्हणजे इथले तेलुगूभाषक कोळी. त्यांच्यातले जीवरक्षक डोक्यावरच्या वेताच्या टोकदार टोपीमुळे लांबूनच ओळखू येतात. थोडे पैसे ठरवून ते हात धरून लाटेत नेतात. लाट कधी उडी मारून घ्यायची आणि कधी तिच्याखाली वाकायचं, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. आजीला घेऊन जाणार असाल तर हे पैसे वाचवू नका. साडी नेसून पाण्यात जाणं टाळावं. ओली साडी पायांना गुंडाळते आणि उठता येत नाही. सुती सलवार किंवा ट्रॅक पँट बरी.

गोल्डन बीच नावाचा एक पट्टा आखून दिलेला आहे. त्याला 2020 मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालं. आत जायला तिकीट आहे, पण कपडे बदलायला खोल्या, गोड्या पाण्याचे नळ, जीवरक्षक आणि स्वच्छ वाळू मिळते. कुटुंबासोबत पहिलं स्नान इथेच करावं.

पहाटे उठायचा कंटाळा करू नका. कोकणात सूर्य समुद्रात बुडतो, इथे हिवाळ्यात तो समुद्रातून वर येतो. त्याच वेळी ईशान्येकडे चालत पेंठकट्याच्या कोळीवस्तीकडे गेलात तर होड्या परतताना दिसतात. लाटांच्या रांगेबाहेर होडी थांबते, मोठी लाट मागून आली की तिच्या पाठीवर बसून एका दमात वाळूवर चढते, आणि काठावरची माणसं दोर खांद्यावर घेऊन तिला वर ओढतात. जाळ्यातून मासळी झटकायला बायका आणि पोरं लगेच गोळा होतात. फोटो काढायचा तर विचारून काढा आणि कामात मध्ये येऊ नका. वस्तीतला किनारा गोल्डन बीचसारखा स्वच्छ नाही, चप्पल घालूनच चाला.

मंदिर

जगन्नाथाचं आजचं मंदिर बाराव्या शतकातलं, गंग घराण्यातल्या अनंतवर्मन चोडगंगदेवाने सुरू केलेलं. आत फक्त हिंदूंना प्रवेश आहे. सोबत दुसऱ्या धर्माचा मित्र असेल तर हे त्याला नागपुरातच सांगा, दारावर नको. मोबाइल, कॅमेरा, चामड्याचा पट्टा आणि पाकीट आत चालत नाही. बाहेर ठेवायची सोय आहे, पण खोलीवरच ठेवून गेलात तर एक रांग वाचते. 1 जानेवारी 2024 पासून कपड्यांचा नियम कडक झाला आहे. हाफपँट, फाटक्या जीन्स, बिनबाह्यांचे कपडे घातलेल्यांना परत पाठवतात. त्याच दिवसापासून आवारात पान आणि गुटखाही बंद. खिशातली खर्र्याची पुडीही त्यात आलीच, ती खोलीवरच राहू द्या.

सिंहद्वारातून 22 पायऱ्या चढून आत जातात. पंडे जवळ येतील. पंडा हवा असेल तर रक्कम आधी, स्पष्ट शब्दांत ठरवा. नको असेल तर हात जोडून ‘जय जगन्नाथ’ म्हणा आणि चालत राहा. वाद घालू नका. कुणी वहीत तुमच्या गावातल्या लोकांची नावं आणि त्यांनी दिलेले आकडे दाखवले तरी तुम्हाला द्यायचं तेवढंच द्या.

संध्याकाळी बाहेरच्या बडदांड रस्त्यावर उभे राहून कळसाकडे बघा. रोज एक सेवक सुमारे 65 मीटर उंचीच्या शिखरावर कसल्याही दोराशिवाय चढतो आणि नीलचक्रावरचा, म्हणजे कळसावरच्या धातूच्या चक्रावरचा, ध्वज बदलतो. तो दगडाकडे पाठ करून, पाय मागे रेटत वर सरकतो. खाली एवढी गर्दी असून त्या वेळी रस्ता गप्प होतो. ध्वज फडकला की मगच लोक बोलायला लागतात. हे बघायला तिकीट नाही, रांग नाही, आणि धर्माची अटही नाही.

महाप्रसाद चुकवू नका. मंदिराच्या स्वयंपाकघरात चुलीवर, लाकडाच्या जाळावर, मातीच्या भांड्यांत तो शिजतो. देवाला नैवेद्य झाला की आवारातल्या आनंदबाजारात विकायला येतो. भात, डाळ, तूप घातलेला गोडसर कनिका, भाजी, खीर. कांदा-लसूण नाही, बटाटा-टोमॅटोही नाही. भांडं समोर ठेवून जमिनीवर बसायचं आणि शेजारी कोण बसलंय हे विचारायचं नाही, ही इथली रीत. जातपात न बघता एकाच भांड्यातून खाण्याची ही परंपरा मला या गावातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. इथे महाप्रसादाला एकादशीचाही अडसर नाही, एकादशीला भात खातात. आपल्याकडच्या उपास करणाऱ्या मंडळींनी तिथे काय करायचं ते आपापलं ठरवावं.

नागपूरच्या खुणा

सिंहद्वारासमोर एक काळा, सोळा पैलूंचा, एकसंध दगडी खांब, अरुणस्तंभ, उभा आहे. उंची सुमारे 34 फूट. वर सूर्याचा सारथी अरुण हात जोडून बसला आहे. बरेच यात्रेकरू त्याला हात लावून पुढे जातात. तुम्ही तिथे जरा थांबा. हा खांब मुळात इथला नाही, तो कोणार्कच्या सूर्यमंदिरासमोर उभा होता. ते मंदिर ओस पडल्यावर अठराव्या शतकात, मराठ्यांच्या अमलात, तो तिथून हलवून पुरीला आणला गेला. आणि ओडिशातले मराठे म्हणजे नागपूरकर भोसले.

पहिल्या रघुजी भोसल्यांच्या फौजा 1740 च्या दशकात बंगालवर चालून गेल्या. त्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर 1744 मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दी खान याच्या छावणीत बोलणीला गेला असताना मारला गेला. लढाया चालूच राहिल्या आणि 1751 च्या तहात ओडिशा नागपूरकरांकडे आला. वर बंगालची चौथाई म्हणून वर्षाला 12 लाख रुपये कबूल झाले. कटकच्या बाराबती किल्ल्यातून मराठा सुभेदार कारभार बघत. हा अंमल 1803 ला संपला, आणि कसा संपला ते तर विदर्भातच घडलं. 29 नोव्हेंबरला आज अकोला जिल्ह्यात असलेल्या अडगावची लढाई हरली, 15 डिसेंबरला गाविलगड पडला, आणि 17 डिसेंबरला देवगावच्या तहाने दुसऱ्या रघुजींनी कटक प्रांत इंग्रजांना दिला. चिखलदऱ्याला जाऊन गाविलगड बघितलेला माणूस पुरीत उभा राहतो तेव्हा ही दोन टोकं जोडून बघण्यासारखी आहेत.

मात्र छाती फुगवून फिरू नका. या राज्याने मंदिराची व्यवस्था लावली, उत्सवांना पैसा दिला, यात्रेकरूंकडून करही घेतला. बंगालमध्ये मराठी स्वारांना ‘बर्गी’ म्हणत आणि त्यांच्या लुटीची आठवण तिथल्या अंगाईगीतात अजून आहे. पुरीत तुमच्या शेजारच्या खोलीत बंगाली कुटुंब असणार हे जवळजवळ नक्की. मुलांना इतिहास सांगताना दोन्ही बाजू सांगा. एक दिवस हाताशी असेल तर कटकला जाऊन बाराबतीचा खंदक आणि दरवाजा बघून या. किल्ल्यात फार काही उरलेलं नाही, पण जागा बघायला हवी.

कोणार्क, रघुराजपूर, चिल्का

कोणार्क 35 किलोमीटर. रस्ता समुद्राला धरून, झाडीतून जातो. सकाळी लवकर निघा, दगड तापायच्या आत. नरसिंहदेव पहिला याने तेराव्या शतकात बांधलेलं हे सूर्यमंदिर म्हणजे 24 चाकांचा आणि सात घोड्यांचा दगडी रथ. 1984 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. मुख्य शिखर कधीच कोसळलं. उरलेला मंडप पडू नये म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी तो वाळूने भरून बंद केला, म्हणून आत जाता येत नाही. सरकारमान्य वाटाड्या घ्या. त्याच्याशिवाय एक चाक म्हणजे नुसतं चाक वाटेल. आऱ्यांवरची सावली बघून वेळ कशी सांगतात ते त्याच्याकडून समजून घ्या, मुलं तिथून हलत नाहीत. पूर्वेकडच्या दाराशी उभे राहिलात की अरुणस्तंभाची मूळ जागा कुठल्या बाजूला होती ते विचारा. येताना चंद्रभागेचा किनारा. नाव आपल्या पंढरपुरातलं, पण इथे समोर समुद्र आहे. पाण्यात उतरू नका.

रघुराजपूर हे पुरीपासून साधारण 14 किलोमीटरवरचं चित्रकारांचं गाव. ओडिसी नर्तक केलुचरण महापात्र इथलेच. घराघरात पट्टचित्र चालतं. कापडाच्या थरांना चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी लावून घोटतात, शंखापासून पांढरा, काजळीपासून काळा, हिंगुळापासून लाल रंग करतात. कुठल्याही ओट्यावर बसा, चित्र घेतलं नाही तरी दाखवतात. गोल गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, जरूर बघा. सावंतवाडीची गंजिफा ज्यांनी पाहिली आहे त्यांना दोन्हीकडचे दशावतार शेजारी ठेवून बघावेसे वाटतील. घ्यायचं असेल तर मंदिराबाहेरच्या दुकानात न घेता इथेच घ्या. फार घासाघीस नको, एका चित्रावर माणूस कित्येक दिवस बसलेला असतो.

चिल्का बघायला साटपाड्याला जातात, सुमारे 50 किलोमीटर. तिथले इरावती डॉल्फिन पाण्याबाहेर उडी मारत नाहीत, पाठ दाखवून जातात. हे मुलांना आधी सांगितलं की निराशा होत नाही. लाइफ जॅकेट मागून घ्या. वाटेत बेटावर शिंपले फोडून मोती आणि पोवळी ‘काढून’ दाखवणारे भेटतील. काही घेऊ नका.

खाणं आणि परतीची तयारी

सावजीवर पोसलेल्या जिभेला पहिला दिवस फिका वाटेल. तिखटाची पुडी बॅगेत असू द्या, पण ती काढायची घाई करू नका. डाळ आणि भाज्या एकत्र शिजवलेला डालमा, मोहरीच्या वाटणातला मासा, चिल्काचा खेकडा आणि झिंगे, सकाळी दहीबरा-आलूदम. शाकाहारी मंडळींची कुठेही अडचण होत नाही. गोडात छेनापोडा, म्हणजे गूळ किंवा साखर घातलेला छेना (फाडलेल्या दुधाचा चोथा) बराच वेळ भाजून वरून काळपट-तपकिरी झालेला. तो ताजाच खावा. प्रवासात टिकत नाही, त्यामुळे नागपूरला आणायचा मोह टाळा.

घरी आणायला खाजा घ्या. कोरडा असतो, गाडीत खराब होत नाही, पण चुरा होतो. म्हणून पुठ्ठ्याच्या डब्यात भरून मागा आणि तो डबा कपड्यांच्या बॅगेत, वरच्या बाजूला ठेवा. वाळवलेल्या महाप्रसादाच्या भाताची, निर्माल्याची, छोटी पुडी मंदिराजवळ मिळते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायची असेल तर तीही घ्या. ओले कपडे आदल्या रात्रीच गोड्या पाण्यातून काढून वाळत घाला. खारट ओलं कापड बंद बॅगेत रायपूरपर्यंत कुबट होतं. बूट-चपलांतली वाळू हॉटेलातच झटका, आणि परतीच्या गाडीला स्टेशनवर तासभर आधी पोहोचा. गाडी पुरीहूनच सुटते, त्यामुळे ती फलाटावर लागली की सामान नीट लावून बसायला वेळ मिळतो.